५४ घरांसमोर एका मुलीची वही

प्रति,
नाशिक शहरातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक,
शाळा व्यवस्थापन समित्या आणि पालक-शिक्षक संघांचे सर्व सदस्य

विषय : वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं शिक्षक-पालकांचं बोलणं

स. न. वि. वि.

मी सिडकोत राहते. एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते. नवरा अंबडच्या कारखान्यात पाळीने जातो आणि आमची मुलगी यंदा चौथीत आहे. गेल्या वर्षी माझ्या हातून एक गोष्ट घडली, त्यामुळे हे पत्र लिहायला बसले. आधी तीच सांगते, म्हणजे मी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला आलेली नाही हे तुमच्या लक्षात येईल.

मुलगी तेव्हा तिसरीत होती. रात्री भांडीकुंडी आवरून तिची गणिताची वही चाळत होते. ५०३ वजा २७८ अशी वजाबाकी होती. तिने उत्तर लिहिलं होतं २२५. आणि त्या उत्तराभोवती लाल शाईचा गोल. मी स्वतः करून पाहिलं, मग फोनवर करून पाहिलं. २२५च येत होतं. दिवसभर काउंटरवर लोकांचं ऐकून डोकं आधीच तापलेलं होतं. मी पानाचा फोटो काढला, वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "बाई, उत्तर बरोबर असून चूक कसं?" तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते.

पहिला अंगठा मिनिटाच्या आत आला. मग एकाने लिहिलं, "आमच्याकडे पण हेच चाललंय." दुसऱ्याने लिहिलं, "वह्या बघतात तरी का?" तिसऱ्याने बाईंचा पगार काढला. चौथ्याने हात जोडलेलं चित्र टाकलं, ते कुणासाठी होतं कळलं नाही. मी एकेक वाचत होते आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आपल्या मागे माणसं आहेत असं वाटत होतं. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाईंचा मेसेज आला, "क्षमस्व. आज वही पाहते."

संध्याकाळी मुलगी घरी आली तेव्हा वही उघडली आणि पान उलटलं. मागच्या बाजूला सर्वात वर बाईंनी लिहिलेलं होतं : "उत्तर बरोबर. हातचा कुठून घेतलास ते मांडून दाखव." तारीख आदल्या दिवसाची. म्हणजे तो गोल चुकीचा नव्हताच. ५०३ मध्ये मधलं घर शून्याचं आहे. एककाच्या तीनातून आठ जात नाहीत, दशकाकडे मागायला जावं तर तिथे काहीच नाही, म्हणून शतकाकडे जावं लागतं आणि दशकामार्फत ते सुटं करून आणावं लागतं. तिसरीतली मुलं नेमकी इथे अडखळतात. माझ्या मुलीने नुसतं उत्तर लिहिलं होतं, मांडणी केलीच नव्हती. ते तिला समजलं आहे की शेजारच्या वहीतून आलं आहे, एवढंच बाईंना बघायचं होतं. मी पान उलटलं असतं तर दोन सेकंदांत कळलं असतं. फोटोत मात्र एकच पान मावतं.

मुलगी म्हणाली, "आई, तू बाईंना सगळ्यांसमोर का बोललीस? माझ्या बाकावरची म्हणाली, तुझी आई बाईंशी भांडली." त्या मुलीला कसं कळलं? तिच्या घरी फोन एकच आहे, गृहपाठ त्यातच बघायचा असतो आणि गृहपाठाच्या वर-खाली आम्हा मोठ्या माणसांचं सगळं बोलणं असतं.

पुढचे दोन महिने माझ्या मुलीच्या वहीत फक्त बरोबरची खूण आणि तारीख येत राहिली. शेरे थांबले. बाईंनी राग धरला असं मी म्हणत नाही, त्या तशा नाहीतच. पण लिहिलं तर त्याचा फोटो निघेल, मग काही लिहायलाच नको, हे माणूस शिकतोच. त्यात माझ्या लेकीचं नुकसान झालं आणि ते माझ्यामुळे झालं.

मी शाळेत जाऊन बाईंची माफी मागितली. "असू दे हो," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. घरी येताना मात्र चैन पडेना. अपमान केला होता ५४ घरांसमोर आणि माफी मागितली होती कानात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या मागच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि माझी चूक झाली असं सरळ लिहिलं. आदल्या वेळी आले होते त्याच्या निम्मेही अंगठे या वेळी आले नाहीत.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की आहे आणि तीच तुमच्यापुढे ठेवायची आहे. एका मुलाविषयीचं किंवा एका शिक्षकाविषयीचं कुठलंही बोलणं सगळ्या वर्गाच्या घरांसमोर होऊ नये. पालकांकडून नको, शिक्षकांकडूनही नको. आणि हा नियम शाळेने घालून द्यावा. तो एकेका बाईंच्या सोसण्यावर आणि एकेका आईच्या समजुतीवर सोडू नये.

शिक्षकांकडून नको असं म्हटलं, त्याबद्दलही थोडं बोलते. "खालील विद्यार्थ्यांनी गृहपाठ केलेला नाही" अशी नावांची यादी ग्रुपवर येते. चाचणीच्या गुणांचा तक्ता, अख्ख्या वर्गाचा, फोटो काढून टाकला जातो. माझ्या जावेच्या मुलाच्या शाळेत फी राहिलेल्या मुलांची नावं आली होती. ज्याचं नाव यादीत असतं त्या घरात त्या रात्री काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. पोराला मार बसतो. बाप म्हणतो, चार माणसांत मान खाली घालायला लावलीस. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. अशी यादी टाकणारा शिक्षक त्रास द्यायच्या हेतूने ती टाकत नाही, वेळ वाचावा म्हणून टाकतो, हे मला समजतं. तरी मुलाच्या बाजूने पाहिलं तर वर्गात अंगठे धरून उभं करण्यात आणि यादीत फार अंतर नाही. उलट यादी पुसली जात नाही. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला तरी कुणीतरी आधीच स्क्रीनशॉट काढलेला असतो.

आणखी एक. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. तो १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाची माहिती हाताळायची तर पालकांची संमती हवी असं सांगतो. मी वकील नाही, त्यातल्या खाचाखोचा सांगणार नाही. पण माझ्या मुलीचे गुण ५३ परक्या फोनांत पोचण्याआधी मला कुणीतरी विचारावं, ही अपेक्षा कायदा नसता तरी रास्तच होती.

हे ग्रुप कसे सुरू झाले ते आपण सगळे विसरत चाललो आहोत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. तोपर्यंत बऱ्याच शाळांत ग्रुप नव्हते आणि जिथे होते तिथे सहलीचे फोटो यायचे, एवढंच. मग एकाएकी अख्खी शाळाच फोनमध्ये आली. आमच्या घरी तेव्हा एकच स्मार्टफोन, तोही नवऱ्यासोबत कामावर जायचा. दुसरी पाळी संपवून तो घरी यायचा तेव्हा मध्यरात्र झालेली असायची. आमच्यासारख्या घरांसाठी किती बाईंनी, किती सरांनी रात्री-अपरात्री धडे पाठवले, आवाज रेकॉर्ड करून कविता पाठवल्या, पहाटे उत्तरं तपासली. माझा भाचा तेव्हा पहिलीत होता, तो अक्षरं फोनवरच शिकला. ते उपकार कुणी विसरू नयेत. पण त्या दिवसांत वेळेचं कुंपण मोडलं, आणि शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ते परत कुणी घातलंच नाही. अडचणीच्या काळात शिक्षकांनी आपणहून दिलेली रात्र आम्ही पालकांनी हक्काची समजून ठेवली.

रात्री दहानंतर बाईंना फोन करणारे पालक मला माहीत आहेत. "उद्या डब्यात काय द्यायचं?" हेही विचारतात. याहून वाईट प्रकारही चालतात. तरुण शिक्षिकेच्या डीपीचा फोटो काढून घेणं, गरज नसताना रात्री "जेवण झालं का" असे मेसेज टाकणं. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, त्यातून हे होतं. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने याच कारणासाठी दोनदा सिमकार्ड बदललं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर तूच नंबर का दिलास असं विचारतील, ही भीती. नंबर तिने कुठे दिला? ग्रुप काढायला शाळेनेच सांगितलं होतं.

शिक्षकांच्या फोनवर फक्त आम्हीच नसतो हेही पालकांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांचा ग्रुप, तालुक्याचा किंवा मनपाचा ग्रुप, यूडायस आणि सरल या सरकारी ऑनलाइन नोंदींतली माहिती आणि दुरुस्त्या, आधारची जुळणी, आणि प्रत्येकाखाली "आजच पाठवा". अनेक शिक्षकांकडे बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राच्या मतदारयादीचं कामही असतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देता येत नाहीत. पण या तीन कामांतही दिवसच्या दिवस जातात. त्याच कायद्याने पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. आमच्या वर्गाचा पट ५४ आहे. रोज ५४ वह्या. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी पावणेदोन तासांच्या वर जातात.

पतसंस्थेच्या काउंटरवर मी अकरा वर्षं आहे. रागावलेला माणूस काचेपलीकडे येतो, आवाज चढवतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो. मी पाणी पुढे करते. तो खुर्चीवर बसतो. निम्म्या वेळा चूक आमची असते, निम्म्या वेळा त्याने पावती वाचलेली नसते, पण दोघं समोरासमोर असल्यामुळे प्रकरण तिथेच मिटतं. फोनवर तोंड दिसत नाही. त्यात बाजूला ५३ जण बघत असले की मागे हटणं आणखी अवघड होतं. मी त्या रात्री मागे हटू शकले असते का? पहिल्या अंगठ्यानंतर नाही.

त्यात आपली भाषा. आमच्या सिडकोत अर्धी वस्ती जळगाव-धुळ्याकडची, घरात अहिराणी. बोलताना जे मायेचं वाटतं तेच टाइप केलं की वाचणाऱ्याला एकेरीवर आल्यासारखं वाटतं. सातपूर-अंबडला उत्तरेकडून कामाला आलेली कुटुंबं आहेत, त्यांची मुलं मराठी शाळेत आहेत, आई हिंदीत विचारते आणि अर्धं कळून अर्धं राहतं. बरेच जण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. "का दिलं नाही" यात विचारणा आहे की दरडावणं, हे प्रश्नचिन्हाशिवाय कसं ओळखायचं? मध्यंतरी एका आजोबांनी नुसतं "बरं" लिहिलं, तर ते रागावले असं समजून बाईंनी त्यांना फोन केला. आजोबांना त्याचा अर्थ "ठीक आहे" एवढाच वाटत होता. म्हणून नाजूक विषय लिहून मांडूच नये, असं मी अनुभवाने म्हणते. भेटून बोलावं, नाही तर फोनवर बोलावं.

पावसाळ्यातली गोष्टही सांगण्यासारखी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं की वर्गाच्या ग्रुपवर "उद्या शाळांना सुट्टी" असं पत्रक फिरतं. खाली सही, शिक्का, सगळं असतं. नीट बघितलं तर तारीख मागच्या किंवा त्याच्याही मागच्या वर्षाची. एकाने टाकलं की दहा जण विचारतात "खरं का?", पाच जण म्हणतात "खरं", आणि बाईंना पंधरा फोन जातात. एके सकाळी वर्गात अकराच मुलं आली होती. गोदावरीला पूर आला की नाशिककर कुणाच्या सांगण्यावर विसंबत नाहीत, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला आहे की छातीला, ते डोळ्यांनी दिसतं. ४ ऑगस्ट २०१९ ला तो मारुती पाण्याखाली गेलेला आम्ही पाहिला आहे. शाळेच्या सूचनेलाही अशी एकच ठरलेली जागा हवी. तिथे आलं तर खरं, तिथे नाही तर नाही.

आता माझं मागणं.

प्रत्येक शाळेने स्वतःचा एक फोन नंबर घ्यावा. तो शाळेचा असावा, कुणा शिक्षकाचा नव्हे. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट मिळतं, त्यात कामाची वेळ टाकता येते आणि त्या वेळेबाहेर मेसेज आला तर आपोआप उत्तर जातं. "आपला निरोप मिळाला. शाळेच्या वेळेत उत्तर देऊ." एवढं वाक्य आपोआप गेलं तरी पालक शांत होतो. रात्री अकराला मेसेज टाकणारी माझ्यासारखी आई बहुतेक वेळा उत्तरासाठी टाकत नाही, मनावरचं ओझं उतरावं म्हणून टाकते.

वर्गाचा ग्रुप ठेवायचा असेल तर तो फक्त सूचनांचा ठेवा. फक्त ॲडमिननेच लिहायचं, ही सोय व्हॉट्सॲपने २०१८ पासून दिली आहे. २०२२ पासून 'कम्युनिटी'ची सोय आहे, तिच्यातल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. शिक्षिकांच्या दृष्टीने आणि एकट्या राहणाऱ्या आयांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. ज्या शाळांना हे जमत नाही त्यांनी निदान सुप्रभात, पुढाऱ्यांचे वाढदिवस, क्लासच्या जाहिराती आणि प्लॉट विकणे आहे हे बंद करावं. दुसऱ्या पाळीवरून आलेला बाप ऐंशी मेसेज वर सरकवत बसतो आणि उद्या चार्टपेपर आणायचा होता हे त्याला सापडत नाही. मग सकाळी साडेसहाला दुकान उघडं नसतं आणि पोरगी रडत शाळेत जाते.

पालकांना आपसांत बोलायचं असेल तर त्यांनी खुशाल वेगळा ग्रुप काढावा. त्याला शाळेची हरकत नसावी, पण त्यात शाळेचं नाव आणि शिक्षक दोन्ही नसावेत. ॲडमिन असलेल्या पालकांना एक भीती असते, दुसऱ्याने काही वेडंवाकडं लिहिलं तर आपल्यावर केस होईल का. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, त्यात त्याचा सहभाग किंवा आधीचं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून भीतीपोटी गप्प बसू नका. कुणी बाईंना अद्वातद्वा बोललं तर ॲडमिनने त्याला तिथेच थांबवावं. मेसेज काढून टाकायचा अधिकार ॲडमिनला आहे, तो वापरावा. त्या रात्री आमच्या ग्रुपवर कुणी एकाने जरी "ताई, उद्या शाळेत बोलू या" असं लिहिलं असतं तर मी थांबले असते.

एका मुलाविषयी काही सांगायचं असेल तर वही आहे, दैनंदिनी आहे आणि भेट आहे. आम्ही लहान असताना दैनंदिनीत बाई लिहायच्या, "वर्गात लक्ष नसते, पालकांनी भेटावे." वडील भेटायला जायचे, परत येताना गप्प असायचे, पण ते काय बोलले हे गल्लीत कुणाला कळत नसे. डिसेंबरात माझ्या मुलीच्या वहीत पुन्हा शेरा आला, "अक्षर सुधारते आहे." मी खाली लिहिलं, "धन्यवाद बाई. घरी रोज पाच ओळी लिहून घेते." दुसऱ्या दिवशी त्याखाली बाईंची बारीक सही होती. त्या दोन ओळींनी आमचं नातं जितकं सावरलं तितकं माझ्या ग्रुपवरच्या माफीनेही सावरलं नव्हतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांनी पालकांशी नियमित बैठका घ्याव्यात, मुलाची हजेरी आणि प्रगती त्यांना सांगावी असं म्हटलेलंच आहे. आठवड्यातला एक दिवस, एक तास भेटीसाठी ठरवून तो फाटकाजवळच्या फलकावर लावा. फोनवर बोलायचं तर त्याचीही वेळ लावा. आणि किती दिवसांत उत्तर मिळेल ते सांगा. दोन दिवस म्हणा, तीन म्हणा, पण मग तेवढ्यात द्या. उत्तरच मिळत नाही म्हणूनही पालक ग्रुपवर येतात. मी तशी नव्हते, पण पुष्कळ जण तसे असतात आणि त्यांची तक्रार खोटी नसते.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. आदराने बोला म्हणजे तोंड बंद ठेवा, असा अर्थ कोणत्याही शाळेने काढू नये. वर्गशिक्षकांकडून समाधान झालं नाही तर मुख्याध्यापक, तिथेही नाही तर समिती, ही वाट प्रत्येक पालकाला लेखी माहीत असली पाहिजे. आणि मुलाला कुणी मारलं, कुणी वाईट स्पर्श केला, कुणी धमकावलं, तर त्या तक्रारीला वेळ-काळ नाही. ती रात्री दोनलाही घ्यावी लागेल. शाळेने नाही घेतली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, पोलीस आहेत. तिथेही ग्रुपवर टाकायचं नाही, पण कारण वेगळं आहे. त्यात त्या लेकराचं नाव सगळ्या गावभर होतं.

हे सगळं ठरवायला नवी यंत्रणा नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. खासगी शाळांत, २०११ च्या फी नियमनाच्या कायद्याप्रमाणे, वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ बनवावा लागतो. त्याच पहिल्या बैठकीत एक पानाची नियमावली वाचून दाखवा. वाचून दाखवा असं म्हणते, वाटा असं नाही. वाटलेले कागद पिशवीत राहतात. हा नियम मुख्याध्यापकांनी स्वतःच्या तोंडाने सांगावा. तसं केलं तर रात्री दहाला फोन न उचलणारी शिक्षिका उद्धट ठरणार नाही. शाळेचा नियम पाळते असं होईल. आज ती एकटी पडते.

शिक्षण विभागातल्या आणि मनपातल्या अधिकाऱ्यांच्या वाचनात हे पत्र आलं तर त्यांनाही विनंती आहे. शिक्षकांनी पालकांना वेळेची शिस्त लावायची आणि वरून मात्र रविवारी रात्री नऊला "तात्काळ माहिती सादर करा" यायचं, हे जुळत नाही. सुरुवात तुमच्या ग्रुपपासून झाली तर खाली आपोआप येईल.

बैठकीची वेळ ठरवताना एवढं बघा. आमच्या आजूबाजूच्या बऱ्याच घरांत कारखान्याची सुट्टी शनिवारी असते. दुसऱ्या पाळीची माणसं दुपारी निघतात, तिसरीची सकाळी येऊन झोपलेली असतात. बुधवारी दुपारी तीनला पालकसभा ठेवली तर बाप कुणीच येत नाहीत, आणि मग तेच बाप रात्री ग्रुपवर बोलतात. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठेवून बघा. आणि आमच्या मजल्यावर दोघी जणी आहेत, ज्यांच्या घरचा एकुलता फोन नवऱ्यासोबत कामावर जातो. ग्रुपवर जे येतं ते त्यांना कधीच वेळेवर कळत नाही. त्यांच्यासाठी फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने सूचना लिहिणं चालू ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
इयत्ता चौथीतल्या एका मुलीची आई
सिडको, नाशिक